आचऱ्याचे कानविंदे आणि विद्येची घरे

मुंबई विद्यापीठाची फोर्टातील जुनी इमारत आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. तिचा आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुशिल्पज्ञाने लंडनमध्ये बसून केला. ते स्वतः मुंबईस कधी आले नाहीत. पदवीदान सभागृह १८७४ साली पुरे झाले, राजाबाई मनोरा १८७८ साली. पैसा कावसजी जहांगीर रेडीमनी आणि प्रेमचंद रायचंद या मुंबईकरांचा, राबणारे हात येथले. रूप मात्र मध्ययुगीन युरोपातील चर्चचे. इमारत देखणी आहे, याविषयी आमचा वाद नाही. परंतु कोकणातून बोटीने आलेला एखादा मुलगा तिच्या पायऱ्या चढू लागला, की त्यास पहिला धडा मिळे तो असा की विद्या ही दुरून आणलेली वस्तू आहे आणि तिच्यापुढे दबून उभे राहावयाचे असते.

देश स्वतंत्र झाला तेव्हा विद्येस नवी घरे बांधण्याची वेळ आली. प्रयोगशाळा हव्या होत्या, तंत्रशिक्षणाच्या संस्था हव्या होत्या, आणि तिजोरीत पैसा बेताचाच होता. हे काम ज्या थोड्या लोकांच्या हाती आले, त्यांतील एक मनुष्य आपल्याच जिल्ह्यातला होता. अच्युत कानविंदे हे त्यांचे नाव. जन्म १९१६ सालचा, गाव मालवण तालुक्यातील आचरा. आचऱ्याचे नाव निघाले की आपणांस रामेश्वर आठवतो, गावपळण आठवते. कानविंदे सहसा आठवत नाहीत. त्या वेळी आचरा इंग्रजी अमलाखालील रत्नागिरी जिल्ह्यात होता आणि आपला दोडामार्गाचा मुलूख सावंतवाडी संस्थानात. सिंधुदुर्ग हा जिल्हा तर १९८१ साली झाला. तेव्हा ‘आपल्याच जिल्ह्यातला’ हे आमचे म्हणणे आजच्या नकाशावरून आहे, हे आधीच सांगून टाकतो.

कानविंदे दोन वर्षांचे असताना त्यांची आई वारली. वडील मुंबईस चित्रकलेचे शिक्षक होते; व्यक्तिचित्रे व निसर्गचित्रे काढीत. मुलगा मोठ्या एकत्र कुटुंबात वाढला. १९३५ साली तो जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये वास्तुशास्त्र शिकावयास गेला. तेथे क्लॉड बॅटली हे प्रमुख होते. बॅटली इंग्रज खरे, पण येथील जुनी घरे व देवळे डोळसपणे पाहा, असे ते विद्यार्थ्यांस सांगत. १९४५ साली सरकारने कानविंद्यांना अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात पाठविले. तेथे वॉल्टर ग्रोपियस शिकवीत होते.

ग्रोपियस यांच्याविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. १९१९ साली जर्मनीत वायमार येथे ‘बाउहाउस’ नावाची कला व कारागिरीची शाळा त्यांनी काढली. पुढे ती डेसाऊ गावी हलली आणि १९२६ साली तिची नवी इमारत उघडली. विसाव्या शतकातील वास्तुकलेवर जिचा खोल ठसा उमटला ती ही इमारत मुळात एक शाळा होती. तिच्यात दर्शनी दिमाख नाही. कारखान्यासारख्या काचेच्या कर्मशाळा एकीकडे, वर्ग दुसरीकडे, आणि दोहोंना जोडणारा, खालून रस्ता जाऊ देणारा पूल. नाझी सत्तेवर आल्यावर बाउहाउस बंद पडले, ग्रोपियस देश सोडून गेले आणि १९३७ साली हार्वर्डला पोचले. इमारतीचे रूप तिच्या कामातून निघावे, वरून चिकटवू नये, ही त्यांची शिकवण. आचऱ्याच्या तरुणाने ती उचलली. तो पूल त्यांच्या डोक्यात राहिला असावा, असे आम्हांस वाटते. त्याचे कारण पुढे येईल.

१९४७ साली परत आल्यावर वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे मुख्य वास्तुशिल्पज्ञ म्हणून कानविंद्यांनी काम केले. अहमदाबादेस विक्रम साराभाई आणि कस्तुरभाई लालभाई यांच्या प्रयत्नांतून कापडधंद्याची संशोधनसंस्था, म्हणजे ‘अटिरा’, उभी राहात होती. तिची इमारत कानविंद्यांनी केली. सपाट छपराची, सरळ रेषांची, आटोपशीर. खरे बोलावयाचे तर ही इमारत उचलून जर्मनीत नेऊन ठेवली असती तरी शोभली असती. शिष्य गुरूच्या फार जवळ उभा होता.

१९५५ साली त्यांनी अभियंते शौकत राय यांच्यासह दिल्लीत स्वतःची पेढी काढली. मार्च १९५९ मध्ये ललित कला अकादमीने दिल्लीस वास्तुकलेवर एक परिसंवाद भरविला. पंडित नेहरूंनी त्याचे उद्घाटन केले, आणि त्याची जुळवाजुळव कानविंद्यांकडे होती. स्वतंत्र भारताच्या सरकारी इमारतींनी जुने घुमट व छत्र्या मिरवाव्या काय, हा त्या काळातील मोठा वाद. बंगळूरचे विधानसौध नुकतेच उभे राहिले होते आणि पुष्कळांना तेच खरे भारतीय वाटत होते. कानविंद्यांनी या वादाचे उत्तर भाषणापेक्षा बांधकामानेच अधिक दिले.

ती संधी कानपूरने दिली. तेथे १९५९ साली तंत्रज्ञान संस्था निघाली, तिचे पहिले वर्ग हारकोर्ट बटलर संस्थेत उसन्या जागेत भरले. संचालक होते पुरुषोत्तम काशिनाथ केळकर. शहराबाहेर कल्याणपूर येथे हजार एकरांहून अधिक मोकळी जमीन मिळाली. १९६२ ते १९७२ या काळात अमेरिकेतील नऊ विद्यापीठांनी या संस्थेस साहाय्य केले. परंतु आराखडा परदेशातून आला नाही, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. गंगेकाठच्या त्या सपाट रानात एक मराठी संचालक आणि एक मराठी वास्तुशिल्पज्ञ शिक्षणाचा नकाशा मांडून बसले होते.

तोवर महाविद्यालय बांधण्याची रीत अशी होती: प्रत्येक विभागास एक इमारत, तिचा एक दरवाजा. रसायनवाला रसायनाच्या इमारतीत शिरे आणि संध्याकाळी तिच्यातूनच बाहेर पडे. कानपुरात ही रीत मोडली. व्याख्यानगृहे सर्वांची मिळून एका जागी ठेवली. ग्रंथालय मधोमध, पाण्याकाठी. अध्यापकांच्या खोल्यांसाठी निराळी इमारत केली आणि तिच्यात अनेक विभागांची माणसे एकत्र बसविली, म्हणजे गणिताचा मनुष्य जिन्यात विजेच्या अभियंत्यास भेटलाच पाहिजे. आणि या सर्वांना जोडणारे, खांबांवर उचललेले लांबच लांब पादचारी मार्ग. वरून चाला किंवा खालून चाला. वरचा मार्ग खालच्यावर सावली धरतो. कानपूरचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो, तेथे या सावलीचे मोल कळते. मोटारी या वाटेत येत नाहीत. डेसाऊचा तो पूल येथे शेकडो पावलांचा झाला, असे आम्ही म्हटले तर फारसे वावगे होणार नाही.

विद्यार्थी वर्गात शिकतो तितकेच दोन वर्गांमधल्या वाटेवर शिकतो, हे या मांडणीचे मर्म होय. कोकणातल्या माणसास ते समजावून देण्याची गरज नाही. आपल्या घरात कामाच्या गोष्टी माजघरात होतात, पण माणसे एकमेकांना कळतात ती पडवीत आणि खळ्यात. कानविंद्यांनी पडवी मनात धरून हे मार्ग आखले, असा आमचा दावा नाही. पण पडवीत वाढलेल्यास या मार्गांचा उपयोग सांगावा लागत नाही.

बांधणीही विचार करून केलेली आहे. भार काँक्रीटच्या सांगाड्यावर, भिंती नुसत्या भरावाच्या, त्या प्रदेशात मुबलक मिळणाऱ्या विटेच्या. भिंतीवर भार नसल्याने प्रयोगशाळेची गरज बदलली की भिंत हलविता येते. वर गिलावा नाही, रंग नाही. गरीब देशाने गिलाव्यावर पैसा घालण्यापेक्षा दोन वर्ग अधिक बांधावे, हा हिशेब त्यात होता. उघडे काँक्रीट पावसाने काळवंडते, त्याची देखभाल करावी लागते, आणि आपल्या सरकारी कारभारात देखभाल हे खाते नेहमीच उपाशी असते. ही टीका खरी आहे. मात्र तिचा निम्मा रोख इमारतीकडे असेल तर निम्मा आपणाकडे.

येथे आम्हांस आपल्या शाळांविषयी बोलल्यावाचून राहवत नाही. कानपूरची इमारत जशीच्या तशी दोडामार्गास आणली तर ती पहिल्याच मृगात हार खाईल. येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. जांभ्याच्या भिंती, उतरते छप्पर, पुढे काढलेली वळचण ही आपल्या पूर्वजांनी काढलेली त्या पावसाची उत्तरे. असे असता गेल्या काही दशकांत आपण गावोगाव सपाट स्लॅबच्या शाळा बांधल्या. त्या गळू लागल्यावर वर लोखंडी पाइप उभारून पत्र्याची शेड घातली. म्हणजे एका शाळेस दोन छपरे आणि दोन्हींचा खर्च. पत्र्यावर पाऊस ताशा वाजवू लागला की गुरुजींचा आवाज तिसऱ्या बाकापर्यंत पोचत नाही. हे आधुनिकतेचे पाप म्हणून मिरविणारे लोक आहेत. परंतु खरी आधुनिक पद्धत कानविंद्यांची: आधी ऊन-पाऊस विचारा, मग हाताशी काय माल आहे ते विचारा, मग तेथे माणसे काय करणार ते विचारा, आणि नकाशा त्यानंतर काढा. आपण त्यांचा नकाशा घेतला नाही हे ठीकच. त्यांचे प्रश्नही घेतले नाहीत.

हे प्रश्न त्यांनी कागदावरही मांडले. १९६९ साली एच. जेम्स मिलर या अमेरिकन सहकाऱ्यासह भारतातील विद्यापीठ-परिसरांच्या रचनेवर त्यांनी इंग्रजीत ग्रंथ लिहिला. वाढणाऱ्या संस्थेने आज किती बांधावे आणि उद्यासाठी जागा कशी राखावी, हा अशा रचनेतला कळीचा प्रश्न असतो. पुढे बंगळूरचे कृषिविद्यापीठ आणि पुण्याची राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्था ही कामे त्यांच्या पेढीने केली. मेहसाण्याची दूधसागर डेअरी तर सर्वस्वी निराळी. तेथे शिकणारे कोणी नाही, पण वाफ व उष्णता वर जाऊ देणारे उंच झरोकेच त्या इमारतीचे रूप होऊन बसले आहेत. आयुष्याच्या अखेरीस, १९९८ साली, दिल्लीचे इस्कॉन मंदिर त्यांनी पुरे केले. घुमट-छत्र्यांपासून चार हात दूर राहिलेल्या माणसाने शिखरे बांधावी, याचे काहींना नवल वाटले. देवळाला शिखर हे त्याचे कामच आहे, असा विचार त्यांनी केला असेल. डिसेंबर २००२ मध्ये ते वारले.

मुंबईत वरळीला नेहरू विज्ञान केंद्र आहे. १९८५ साली ते लोकांस खुले झाले. ही इमारतही कानविंद्यांची. शाळांच्या सहली तेथे येतात. मुले धावत आत शिरतात, यंत्रांची बटणे दाबतात, वर जातात, खाली येतात, आणि त्यांना कोणी ओरडत नाही. सहल आपल्या भागातून गेली तर बरोबरच्या गुरुजींनी मुलांना एवढे जरूर सांगावे की हे घर आचऱ्याच्या माणसाने बांधले.