चौसष्ट धाग्यांची तार

ऊद म्हटले की आपल्याला निखाऱ्यावर टाकायचा सुगंधी ऊद आठवतो. हा शब्द मूळचा अरबी असून त्याचा अर्थ लाकूड. याच नावाचे एक तंतुवाद्य अरब देश, इराण, तुर्कस्तान या भागांत हजार-बाराशे वर्षे वाजवले जात आहे. फुगीर पोट, आखूड मान आणि मागे मुडपलेली खुंट्यांची पेटी ही त्याची ओळख. स्पेनमार्गे ते युरोपात गेले आणि ‘अल्-ऊद’चे ‘ल्यूट’ झाले. या वाद्याच्या तारा किती जाड असाव्यात आणि किती ताणाव्यात, या साध्या वाटणाऱ्या प्रश्नात विज्ञानाच्या इतिहासातला एक महत्त्वाचा धडा दडलेला आहे. तो आपल्या स्वरमापीच्या (सोनोमीटरच्या) प्रयोगापर्यंत येऊन पोचतो.

आधी नियम आठवू. ताणलेल्या तारेची कंप्रता तिच्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात असते; ताणाच्या वर्गमुळाच्या सम प्रमाणात असते; आणि तारेच्या एकक लांबीच्या वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. ऊदच्या सर्व तारांची लांबी सारखीच असते. त्यामुळे वादकाच्या हाती दोनच गोष्टी उरतात: तारेची जाडी आणि खुंटीने दिलेला ताण. ताण कमी पडला तर तार लुळी पडून खरखरते. जास्त झाला तर तार तुटते, किंवा तबलीवर चिकटवलेली घोडी उखडते.

नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-किंदी हा तत्त्वज्ञ होऊन गेला. ऊदविषयी सविस्तर लिहिणाऱ्या सुरुवातीच्या ग्रंथकारांत त्याची गणना होते. त्याच्या काळी ऊदला मुख्य तारा चार. सर्वांत खर्जातली बम्म, मग मस्लस, मस्ना आणि सर्वांत वरची झीर. गंमत म्हणजे मधली दोन नावे अरबी आहेत आणि टोकाची दोन फारसी. लागोपाठच्या दोन तारांमध्ये षड्ज-मध्यमाचे अंतर असे, म्हणजे त्यांच्या कंप्रतांचे गुणोत्तर ३:४. अल्-किंदीने सांगितलेली बम्म आतड्याच्या तातेचे चार पदर पिळून केलेली आहे आणि मस्लस तीन पदरांची. मस्ना दोन पदरांच्या जाडीची आणि झीर एका पदराची, पण या दोन्ही रेशमाच्या.

पुढच्या शतकात बसरा येथे ‘इख्वान अस्-सफा’ म्हणजे ‘निर्मळ मनाचे बंधू’ या नावाने एक विद्वन्मंडळ लेखन करीत होते. त्यांच्या ग्रंथमालेतील पाचवा ग्रंथ संगीतावर आहे. त्यात चारही तारा रेशमाच्या सांगितल्या असून त्यांच्या धाग्यांची संख्या दिली आहे: ६४, ४८, ३६ आणि २७. प्रत्येक संख्या आधीच्या संख्येच्या पाऊणपट आहे. स्वरांचे गुणोत्तर ३:४ असेल तर धाग्यांचेही तेच असावे, हा विचार सरळ दिसतो. चार तारा, शरीरातील चार द्रव, निसर्गातील चार तत्त्वे अशा जोड्या लावणाऱ्या त्या काळाला हे फार सुंदर वाटले असणार. ते सुंदर आहे, यात शंका नाही. पण ते बरोबर आहे का?

आम्ही वरील नियम वापरून हे गणित करून पाहिले. वाचकांनीही करावे, ते दहावीच्या विद्यार्थ्यालाही जमेल. धागे पाऊणपट झाले की वस्तुमान पाऊणपट होते. ताण तोच ठेवला तर कंप्रता ४/३ च्या वर्गमुळाइतकी, म्हणजे सुमारे १.१५ पट वाढते. हवी असते १.३३ पट. उरलेली वाढ मिळवायला ताण वाढवावा लागतो. किती? प्रत्येक तारेला आधीच्या तारेच्या ४/३ पट. बम्मचा ताण १ मानला तर पुढच्या तारांचे ताण १.३३, १.७८ आणि २.३७ येतात. सर्वांत बारीक तारेवर सर्वांत जास्त ताण! एकेका धाग्यावर पडणारा भार मोजला तर झीरच्या धाग्यावर तो बम्मच्या धाग्यापेक्षा साडेपाच पटींहून अधिक येतो.

हेच गणित अल्-किंदीच्या ४, ३, २, १ या पदरांना लावू. रेशीम आणि तात यांची घनता जवळपास सारखी असल्याने तुलना करायला हरकत नाही. ताण येतात १, १.३३, १.५८ आणि १.४०. आधीच्या मांडणीपेक्षा हे कितीतरी समतोल आहेत. एकेका पदरावरचा भार मात्र इथेही वर जाताना वाढतच जातो. वरच्या दोन तारांना चिवट रेशीम का, ते यावरून समजते. ४, ३, २, १ या ओळीत ६४ ते २७ च्या ओळीसारखी गुणोत्तराची नजाकत नाही, पण वाजवणाऱ्याच्या हाताला तीच अधिक सोयीची आहे.

मग ‘निर्मळ मनाच्या बंधूं’चा हिशेब कुठे अडतो? तारांचे व्यास ४:३ प्रमाणात असते, तर छेदाचे क्षेत्रफळ १६:९ झाले असते आणि समान ताणावर अचूक मध्यम मिळाला असता. पण धागे मोजणे म्हणजे व्यास मोजणे नव्हे; ते क्षेत्रफळ मोजणे होय. समान ताणासाठी धागे हवेत ६४, ३६, २० आणि ११.

म्हणून त्या काळचा ऊद बेसूर वाजत होता, असे मात्र समजू नये. वादक कानाने ऐकत खुंटी पिळतो आणि स्वर लागला की थांबतो. गणितात राहिलेली उणीव खुंटी भरून काढते. नेमके याचमुळे ती उणीव उघडकीस येत नाही. खुंटीने दिलेला ताण बोटाला जाणवतो, पण त्याचा आकडा कळत नाही. तो कळायचा तर तारेला वजन टांगले पाहिजे.

वजन टांगल्याची एक कथा फार जुनी होती. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास निकोमॅकसने ती लिहून ठेवली आहे. पायथागोरसने १२, ९, ८ आणि ६ या प्रमाणात वजने तारांना टांगली आणि १२ व ६ मध्ये त्याला सप्तकाचे अंतर ऐकू आले, अशी ती कथा. शतकानुशतके ग्रंथकार ती उतरवून घेत राहिले. सोळाव्या शतकात ती तपासून पाहणारा माणूस निघाला तो ऊदच्याच वंशजाचा, ल्यूटचा, वादक. त्याचे नाव व्हिन्चेंझो गॅलिली, म्हणजे गॅलिलिओचे वडील. १५८९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी सांगितले की, वजन दुप्पट करून वरचा षड्ज मिळत नाही. त्यासाठी ते चौपट करावे लागते. दुप्पट वजनाने कंप्रता १.४१ पट होते, म्हणजे तीव्र मध्यमाच्या आसपासचा स्वर ऐकू येतो. पुढे १६३६ मध्ये मेर्सेन यांनी लांबी, ताण आणि जाडी यांचे नियम एकत्र मांडले. आपल्या पाठ्यपुस्तकात आहेत ते हेच.

आज ऊदसाठी तारा निवडताना हेच नियम कामी येतात. अनेक अरबी ऊदांवर घोडीपासून मानेच्या टोकापर्यंत तारेची लांबी सुमारे ६१.५ सेंटिमीटर असते आणि वरची तार २६२ हर्ट्झच्या ‘सी’ला लावतात. ०.६ मिलिमीटर व्यासाची नायलॉनची तार घेतली तर तिचा ताण सव्वातीन किलोग्रॅम वजनाइतका येतो. पाच जोड्या आणि एक सुटी अशा अकरा तारा धरल्या, तर दोन मिलिमीटरच्या आसपास जाडी असलेली तबली सुमारे ३६ किलोग्रॅमची ओढ सोसत असते. त्याच तारा एक पूर्ण स्वर वर चढवल्या की ताण २६ टक्क्यांनी वाढून ही ओढ ४५ किलोग्रॅमवर जाते. तुर्की वादक एक स्वर वर लावतात, पण त्यांच्या ऊदची तार सुमारे ५८.५ सेंटिमीटर लांब असते. त्यामुळे ही वाढ २६ ऐवजी १४ टक्केच होते. खालच्या टोकाला अडचण उलट असते. दोन सप्तके खालच्या स्वरासाठी तेवढ्याच ताणावर सोळापट वस्तुमान हवे. नुसत्या नायलॉनची तार त्यासाठी २.४ मिलिमीटर जाड करावी लागेल, आणि ती दोरीसारखी ठसठशीत वाजेल. म्हणून खर्जाच्या तारांवर तांब्याची बारीक तार गुंडाळतात. आपल्या तंबोऱ्याच्या खर्जाला जाड पितळी तार असते, तीही याच कारणाने.

शिक्षकांनी वर्गात एक करून पाहावे. स्वरमापीच्या तारेला आधी १ किलोग्रॅम वजन टांगून स्वर ऐकवावा. मग विद्यार्थ्यांना विचारावे की वरचा षड्ज मिळवायला किती वजन लागेल. बहुतेक जण ‘दोन’ म्हणतील. त्यांना लगेच चूक म्हणू नये. निकोमॅकसनंतर शतकानुशतके अनेक विद्वान तेच म्हणत होते. २ किलोग्रॅम टांगावे आणि सर्वांना ऐकू द्यावे. मग ४ किलोग्रॅम टांगावे.