शोकनाट्याचा कुडपणकर वाचक

पोलादपूर तालुक्यांत, सह्याद्रीच्या कुशींत, कुडपण म्हणून एक गांव आहे. परंपरा त्यास शेलारमामांचें गांव म्हणून ओळखते. तेथील एक विद्यार्थी कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत होता. त्यानें ग्रंथालयांतून आगरकरांचें 'विकारविलसित' नेलें, आणि परत करतांना किंचित् ओशाळून तो म्हणाला, "सर, शेवटीं जो तो मरतो, तरी नाटक संपलें याचीच हळहळ वाटली. हें बरें नव्हे ना?"

ही शंका त्या मुलाची एकट्याची नव्हे. रंगभूमीवर मृत्यु दाखवूं नये असा नाट्यशास्त्राचा दंडक होता, आणि नाटकाचा शेवट गोड असावा हें आमच्या हाडींमासीं खिळलेलें होतें. भासाचें 'ऊरुभंग' त्यास अपवाद खरें. पण तें छापून निघालें १९१२ सालीं, आगरकरांच्या मृत्यूनंतर सतरा वर्षांनीं. मराठींत हा संकेत १८६१ सालीं विनायक जनार्दन कीर्तने या विशीच्या घरांतील तरुणानें मोडला. त्याच्या 'थोरले माधवराव पेशवे' या नाटकाची अखेर पेशव्यांच्या मृत्यूंत व रमाबाईंच्या सहगमनांत होते.

आगरकरांनीं १८८२ सालीं, कोल्हापूर प्रकरणांत, टिळकांसह डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढले. पुढच्याच वर्षीं शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चें हें मराठी रूप बाहेर पडलें. डेन्मार्कचा राजपुत्र चंद्रसेन झाला, आणि गणपतराव जोशांनीं तो रंगभूमीवर गाजविला. आगरकरांच्या निबंधांचा सडेतोडपणा या भाषांतरांत सर्वत्र नाहीं. संवाद पुष्कळदां जड होतात. तरी या मुलानें तें दोन रात्रींत संपविलें होतें!

ही गोडी महाविद्यालयीन शिक्षणाचें फळ, असा आमचा प्रथम तर्क. शिक्षकास असे तर्क सुखाचे असतात. परंतु मुलानें वेगळेंच सांगितलें. लहानपणीं त्यानें आजोबांच्या मांडीवर बसून तुळशीदास शाहिराचा सिंहगडाचा पोवाडा ऐकला होता. तानाजी रायबाचें लग्न टाकून गडावर निघतो. १६७० सालच्या त्या रात्रींतून तो परत येणार नाहीं हें ऐकणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असतें, तरी उठून कोणी जात नाहीं. तानाजी शेजारच्या उमरठचा. तो पडल्यावर उदेभानाशीं झुंजून मागें उरतो, तो वृद्ध शेलारमामा. कुडपणच्या वांट्यास जी भूमिका आली, ती मागें उरणाऱ्याची.

आम्ही पंचवीस वर्षें हॅम्लेट शिकविला. चर्चा नेहमीं नायकाच्या चालढकलीची. त्याचा मित्र, ज्यास तो मरतांना जगावयास व आपली हकीगत सांगावयास लावतो, आमच्या टिपणांत दीड ओळींत उरकलेला. मुलाचें चित्त नेमकें त्याच्यावर जडलें होतें. "त्याला मरूं दिलें नाहीं, हेंच वाईट," तो म्हणाला, आणि थोडें थांबून, "पण तो नसता, तर आपल्याला कळलें कसें असतें?"

आम्हीं त्यास कीर्तन्यांचें नाटक काढून दिलें. तें त्यानें मुदतीबाहेर तीन आठवडे ठेवलें, आणि दंड निमूटपणें भरला.