चिंतेच्या काळात मागितलेली शांती
थोर संत ग्रेगरी आणि मिस्सातील एक याचना

चिंता करू नका, ही प्रभू येशूची शिकवण डोंगरावरील प्रवचनात आहे. कशाविषयीही चिंताक्रांत न होता आपली मागणी आभारपूर्वक देवापुढे मांडावी, असे संत पौलाने बंदिवासातून फिलिप्पैकरांस लिहिले. ही दोन्ही वचने आपण प्रवचनांत व धर्मशिक्षणाच्या वर्गांत वारंवार योजतो. मात्र ती योजताना नकळत एक अनर्थ घडतो. चिंता म्हणजे श्रद्धेचा अभाव, असा अर्थ ऐकणारा घेतो आणि आधीच वाकलेल्या खांद्यांवर अपराधभावाचे आणखी एक ओझे चढते. ख्रिस्तसभेच्या इतिहासाची साक्ष याहून निराळी आहे, आणि ती आपण अर्पण करतो त्या मिस्सातच सामावलेली आहे.

रोमन कॅनन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पहिल्या मिस्साप्रार्थनेत, आपल्या सर्व परिवाराचे हे अर्पण देवाने स्वीकारावे, अशी विनंती येते. तिच्यालगत आणखी एक याचना आहे : देवाने आमचे दिवस स्वतःच्या शांतीत लावून द्यावेत, सार्वकालिक नाशापासून आम्हांस सोडवावे आणि निवडलेल्यांच्या कळपात आमची गणना करावी. हे शब्द पोप संत ग्रेगरी यांनी प्रार्थनेत घातले, असे संत बीड यांनी ७३१ साली पूर्ण केलेल्या इंग्लंडच्या धर्मेतिहासात नमूद केले आहे. शांतीची ही मागणी करणारा मनुष्य कोणत्या परिस्थितीत होता, हे पाहण्यासारखे आहे.

ग्रेगरी यांचा जन्म सुमारे ५४० साली रोममधील एका सधन, उच्चकुलीन घराण्यात झाला. ऐन तारुण्यात ते नगराचे मुख्य प्रशासक झाले. पुढे ते पद सोडून त्यांनी सीलियन टेकडीवरील आपल्या घराचा मठ केला आणि तेथे संन्यस्त जीवन स्वीकारले. हा एकांत फार काळ लाभला नाही. ५८९ च्या अखेरीस टायबर नदीला महापूर आला व ख्रिस्तसभेची धान्यकोठारे वाहून गेली. पाठोपाठ महामारी आली आणि ५९० च्या आरंभी पोप दुसरे पेलाजिअस तिला बळी पडले. लोकांनी ग्रेगरी यांना निवडले. त्यांनी नगरात प्रायश्चित्ताची मिरवणूक काढली, तेव्हा चालता चालता तासाभरात ऐंशी माणसे कोसळून मरण पावली, असे तूरचे बिशप ग्रेगरी यांनी लिहून ठेवले आहे. ३ सप्टेंबर ५९० रोजी त्यांचा पोप म्हणून अभिषेक झाला.

संकटांची मालिका येथे संपली नाही. ५६८ पासून लोंबार्ड टोळ्या इटलीत पसरत होत्या. ५९३ साली त्यांचा राजा आगिलुल्फ रोमवर चालून आला. त्या वेळी ग्रेगरी यहेज्केलच्या ग्रंथावर प्रवचने देत होते. हात तोडलेली माणसे नगरात परत येत होती. इतरांच्या गळ्यांत दोर बांधून त्यांना विक्रीसाठी फ्रँकांच्या देशाकडे नेले जात होते. अखेर त्यांना प्रवचनमाला थांबवावी लागली. सम्राट दूर कॉन्स्टँटिनोपलला होता. त्याच्या सैन्याचा खजिनदार जसा राव्हेन्नात आहे, तसा मी रोममध्ये लोंबार्डांचा खजिनदार झालो आहे, अशा आशयाचे पत्र त्यांनी सम्राज्ञीला लिहिले. शिवाय संधिवाताने ते कित्येक दिवस अंथरुणाला खिळून असत.

अशा माणसाच्या मनाची स्थिती त्यांच्याच लेखनातून कळते. त्यांच्या ‘संवाद’ या ग्रंथाच्या आरंभी पीटर नावाचा डीकन त्यांना एकांतात खिन्न बसलेले पाहतो. मठातील शांत दिवस आठवून आपले मन वादळात सापडलेल्या नौकेसारखे झाले आहे, असे ग्रेगरी त्याला सांगतात. पोप आणि पुढे संत गणलेला हा पुरुष आपली व्याकुळता लपवीत नाही व तिला पापही म्हणत नाही. मठातील शांती परत मिळावी ही त्यांची इच्छा शेवटपर्यंत अपुरी राहिली. मिस्सात त्यांनी मागितलेली शांती मात्र याहून वेगळी होती.

मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ व्यवस्था लावणे, नीट मांडून देणे असा आहे. दिवसांतून संकटे काढून टाकावीत, असे ग्रेगरी म्हणत नाहीत. दिवस जसे आहेत तसेच देवाच्या हाती देऊन त्यांची मांडणी त्याच्या शांतीत व्हावी, असे ते म्हणतात. शिवाय ही मागणी ‘मी’ची नसून ‘आम्ही’ची आहे. ती एकट्याच्या खोलीत केलेली नाही, वेदीवर अर्पणासोबत ठेवलेली आहे. नाश आणि तारण यांचा उल्लेख लगेच पुढे येतो, कारण अंतिम आशेवाचून आजची शांती टिकत नाही.

या शांतीने त्यांना निष्क्रिय केले नाही. याच साडेतेरा वर्षांच्या कारकिर्दीत त्यांनी धान्य मिळवून गरिबांत वाटले, बंदिवानांसाठी खंडणी भरली, शत्रूशी तहाची बोलणी केली, मेंढपाळांसाठी ‘पाळकीय नियम’ हा ग्रंथ लिहिला आणि ५९६ साली ऑगस्टीन व त्यांच्या सोबत्यांना इंग्लंडला धाडले. जे आपल्या हाती नाही ते देवाच्या हाती ठेवल्यामुळे, जे हाती होते ते करण्यास ते मोकळे झाले. १२ मार्च ६०४ रोजी ते निवर्तले, तेव्हाही लोंबार्ड इटलीतच होते.

दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनंतर ही प्रार्थना लोकभाषांतून म्हटली जाऊ लागली. प्रभूच्या प्रार्थनेनंतरही सर्व अस्वस्थतेपासून आम्हांस सुरक्षित राख, अशी विनंती धर्मगुरू करतो, आणि लगेच मंडळी एकमेकांना शांती देते. म्हणून कर्जाने, आजाराने किंवा मुलांच्या भवितव्याच्या काळजीने ग्रासलेला भाविक आपल्याकडे येतो, तेव्हा त्याची श्रद्धा तोलण्याची घाई आपण करू नये. त्याची चिंता प्रथम ऐकून घ्यावी, मग तीच घेऊन त्याला वेदीजवळ यावयास सांगावे, आणि त्याच्या अन्नाची वा औषधाची सोय आपल्याला शक्य असेल तेवढी त्याच दिवशी करावी. शांतीची याचना करणाऱ्या ग्रेगरींनी धान्याचा हिशेबही स्वतः पाहिला होता.