बुद्धिबळाची उसनी पुस्तके

बुद्धिबळाच्या मंडळात नवखा मनुष्य गेला म्हणजे त्याला प्रथम दिसतात ते पट, आणि त्यांवर ओणवी झालेली डोकी. भिंतीकडेचे पुस्तकांचे कपाट सहसा कोणाच्या नजरेत भरत नाही. आजचे माझे बोलणे त्या कपाटाविषयी आहे. खेळणाऱ्यांच्या कथा आपण पुष्कळ ऐकतो. पण पुस्तके कोणी जमविली, कोणी नेली आणि कोणी परत आणून दिली, याचाही एक इतिहास आहे, आणि तो खेळाच्या इतिहासाहून फारसा निराळा नाही.

गवयाची चीज शिष्याच्या गळ्यात राहते, मल्लाचा डाव पठ्ठ्याच्या अंगात उतरतो. बुद्धिबळाचे तसे नाही. डाव संपला की सोंगट्या पेटीत जातात आणि पट कोरा होतो. चाली कोणी टिपून ठेवल्या असतील तरच तो डाव उरला. मात्र टिपलेला डाव एका पानावर मावतो, आणि शंभर वर्षांनी परक्या मुलखातला कोणीही तो जसाच्या तसा पुन्हा मांडू शकतो. म्हणून या खेळात पुस्तक हे गुरूचे काम करते, आणि ज्याला ते मिळत नाही त्याला त्याची किंमत पटावर मोजावी लागते.

पंजाबातील मीर सुलतान खान याचे उदाहरण घ्या. तो आपल्या देशी पद्धतीने खेळत वाढला. पाश्चात्त्य डावाच्या सुरुवातींवर तिकडे जे वाङ्मय तयार झाले होते, त्याच्याशी त्याचा परिचय नव्हता. तरीही १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीन वर्षे ब्रिटनचे अजिंक्यपद त्याने मिळविले. पण डावाच्या पहिल्या दहाबारा चालींत तो पुष्कळदा अडचणीत सापडे आणि पुढचा सारा वेळ त्यातून बाहेर पडण्यात जाई. प्रतिस्पर्ध्याने जे वाचून आणले होते, ते याला घड्याळ चालू असताना स्वतः शोधून काढावे लागे. उलट न्यूयॉर्कचा बॉबी फिशर पोरवयापासून पुस्तकांतच वाढला, आणि रशियन नियतकालिकांतील डाव समजावेत म्हणून त्या भाषेपुरता अक्षरओळखीला लागला. दोघांच्या प्रतिभेची तुलना मी करीत नाही. एकाला कपाट उघडे होते, दुसऱ्याला नव्हते, इतकेच सांगतो.

आता मंडळाच्या कपाटाची खरी अडचण पाहा. गावच्या वाचनालयात कादंबरी नेणारा आणि पुढे तिची वाट पाहणारा यांचे भांडण फार तर आठ दिवसांचे. बुद्धिबळाच्या मंडळात पुस्तक नेणारा आणि त्या पुस्तकाच्या आधारे ज्याला हरवायचे तो, दोघेही त्याच मंडळाचे सभासद! सामने जवळ आले की नेमके हवे ते पुस्तक कपाटात नसते, यात नवल ते काय? आणि मंडळ म्हणजे तरी काय? चार हौशी माणसे आणि एक भाड्याची खोली. माणसे पांगली की पुस्तके ज्याच्या घरी असतील त्याच्या घरची होतात.

बर्लिनमधील खेळाडूंचा पुढारी लुडविग ब्लेडो याने मोठा ग्रंथसंग्रह केला होता. १८४६ साली त्याने जर्मन भाषेतील पहिले बुद्धिबळ-नियतकालिक काढले आणि त्याच वर्षी तो वारला. त्याचा संग्रह तेथील राजकीय ग्रंथालयाने विकत घेतला म्हणून वाचला. हॉलंडमध्येही असेच घडले. फान डेर लिंडे या इतिहासकाराची पुस्तके १८७६ साली हेग येथील राजकीय ग्रंथालयात गेली, आणि १९४८ साली नीमायर या संग्राहकाने आपली पुस्तके त्यांत घातली.

सॅन फ्रान्सिस्को येथे मात्र दुसरीच युक्ती झाली. सोन्याच्या शोधात आलेल्यांच्या त्या गावात १८५४ साली कारागिरांसाठी ‘मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट’ स्थापन झाली. तिने वाचनालय आणि बुद्धिबळाची खोली एकाच छपराखाली ठेवली. १९०६च्या भूकंपानंतरच्या आगीत तिची सारी ग्रंथसंपदा जळून गेली. १९१० साली नवी इमारत उभी राहिली, तीत पुन्हा पुस्तके आली आणि पटही आले. आजही एकाच वर्गणीत सभासदाला खालच्या मजल्यांवरून पुस्तक घरी नेता येते आणि वर जाऊन खेळता येते. तेथे बुद्धिबळाचे कपाट हे मोठ्या वाचनालयाचा एक कोपरा असल्यामुळे चार खेळाडू पांगले तरी ते ओस पडत नाही. मला ही योजना फार शहाणपणाची वाटते.

पण उसनवारीची सर्वांत मोठी गोष्ट क्लीव्हलंडच्या एका वकिलाची आहे. जॉन ग्रिस्वोल्ड व्हाइट याने बुद्धिबळावरील ग्रंथ आणि हस्तलिखितांच्या नकला साऱ्या जगातून जमविल्या. तिकडे इंग्लंडमध्ये हॅरल्ड मरे हा शाळा-तपासनीस या खेळाचा इतिहास लिहीत होता. ऑक्सफर्डच्या प्रचंड इंग्रजी कोशाचे संपादक जेम्स मरे यांचा हा थोरला मुलगा. जुने ग्रंथ मुळातून वाचता यावेत म्हणून तो अरबी शिकला; पण पुस्तके आणणार कोठून? तपासनिसाच्या पगारात ती येणारी नव्हती. व्हाइटने आपल्या कपाटातील दुर्मिळ ग्रंथ बोटीने त्याच्याकडे धाडले. कर्जाऊ, बरे का. आणि तेही समुद्रापार! १९१३ साली मरेचा सुमारे नऊशे पानांचा इतिहास प्रसिद्ध झाला. त्यात त्याने व्हाइटचे ऋण मोकळेपणी मान्य केले आहे.

या ग्रंथाशी आपलाही धागा जुळतो. मरेने हिंदुस्थानातील खेळाची हकीगत लिहिताना ज्यांचा आधार घेतला, त्यांत त्रिवेंगडाचार्य शास्त्र्यांच्या मूळ संस्कृत ग्रंथाचे १८१४ साली मुंबईस छापलेले इंग्रजी भाषांतर आहे, आणि वि. रा. टोपे यांचे १८९३ साली पुण्यास निघालेले ‘मराठी बुद्धिबळाचा खेळ’ हे पुस्तकही आहे. आपल्या जुन्या डावात प्यादे पहिल्या खेपेलाही एकच घर चाले. शह बसण्यापूर्वी राजाला एकदा घोड्याची उडी घेता येई. आणि प्यादे शेवटच्या घरी पोहोचले की त्या घराचे जे मोहरे तेच ते बहुधा होई. आमच्या वडीलधाऱ्यांना हे नियम तोंडपाठ होते, आणि म्हणूनच ते लिहून ठेवण्याची गरज फारशा कोणाला वाटली नाही. पुढे विलायती नियम सर्वत्र आले, जुने खेळाडू गेले आणि त्यांच्याबरोबर घराघरांतल्या बारीकसारीक चालीरीतीही गेल्या. जे छापले गेले आणि हिंडत हिंडत एखाद्या अभ्यासकाच्या टेबलापर्यंत पोहोचले, ते टिकले.

व्हाइट १९२८ साली वारला. सुमारे बारा हजार पुस्तके आणि ती वाढविण्यासाठी मोठी रक्कम त्याने मृत्युपत्राने क्लीव्हलंडच्या सार्वजनिक ग्रंथालयाला ठेवली. कोणीही जावे आणि पाहावे. पण हा संग्रह घरी नेण्यासाठी नाही, तेथेच बसून वाचावा लागतो. ज्या माणसाने पुस्तके सातासमुद्रापार उसनी दिली, त्याच्या पश्चात ती दाराबाहेर पडत नाहीत! हस्तलिखितांपुरता हा निर्बंध मला मान्य आहे; नष्ट झालेली एकुलती एक प्रत पुन्हा कोण देणार? परंतु जे पुस्तक आज दुकानात मिळते, ते मंडळाने कुलुपात ठेवण्यात काय अर्थ आहे, हे मला कळत नाही. ते फाटले तर दुसरे घ्यावे. नेणाऱ्याचे नाव वहीत लिहावे, सामन्यांच्या आधी मुदत आठ दिवसांची करावी, आणि हव्या त्या पुस्तकासाठी दोघे आले तर दोघांनी ते एका पटावर मांडून वाचावे.

मरे १९५५ साली वारला. उसन्या पुस्तकांवरून त्याने केलेली टिपणे व इतर कागदपत्रे ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहेत, आणि अभ्यासकांना ती तेथे मागवून पाहता येतात.