तंतूची भिंत आणि गिरणीची खळ

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला ज्या कापडगिरणीचा पाया घातला, तेथून परळ-लालबागपर्यंत पसरलेल्या गिरणगावाचा इतिहास भांडवल, संप आणि चाळी यांच्या अंगाने पुष्कळ लिहिला गेला. कापसाच्या पेशीभित्तीच्या अंगाने तो क्वचितच पाहिला जातो. कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवर वाढलेली एकच लांब पेशी. तिच्या भिंतीच्या आतल्या जाड थरात जवळजवळ निव्वळ सेल्युलोज, म्हणजे ग्लुकोजच्या हजारो घटकांची सरळ साखळी असते, आणि शेजारच्या साखळ्यांना हायड्रोजन बंध, म्हणजे एकेकटी दुबळी पण संख्येने अगणित आकर्षणे, एकत्र धरून ठेवतात. बाहेरच्या पातळ थरात मात्र पेक्टिन, मेण आणि झायलोग्लुकॅन नावाची फाटे फुटलेली साखळीही असते. ब्लीचिंग खात्यात कापड कॉस्टिक सोड्यात तासन्‌तास उकळले जाई ते मुख्यतः पेक्टिन आणि मेण काढण्यासाठी, कारण मेण असेपर्यंत कापड ना पाणी पीत, ना रंग.

आतल्या थराची जाडी हा तंतूचा कस. इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीने १९२४ मध्ये माटुंग्याला काढलेल्या प्रयोगशाळेत तंतू १८ टक्के कॉस्टिक सोड्यात फुगवून सूक्ष्मदर्शकाखाली भिंत आणि मधली पोकळी यांचे प्रमाण ताडले जाई. पातळ भिंतीच्या कच्च्या तंतूंमुळे सुतात गुठळ्या येत आणि रंग फिका बसे.

सर्वांत कुतूहलाची गोष्ट घडली ती सायझिंग खात्यात. सांच्यावर फणीत घासून ताण्याचे सूत तुटू नये म्हणून त्याला स्टार्चची खळ देत. १९४० च्या दशकापासून तिच्या जागी चिंचोक्याची भुकटीही येऊ लागली. चिंचोक्यातील मुख्य द्रव्य झायलोग्लुकॅनच आहे. त्याचा कणा सेल्युलोजसारखाच असल्याने ते सुतावर हायड्रोजन बंधांनी बसते, आणि बाजूच्या फाट्यांमुळे गरम पाण्यात विरघळतेही. वाढत्या पेशीच्या भित्तीत ही दोन द्रव्ये अशीच जोडलेली असावीत, असे प्रतिरूप अमेरिकेत पीटर अल्बरशाइम आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये मांडले; हा सांधा मोजक्याच ठिकाणी असतो, असे पुढे दिसून आले. ते प्रतिरूप मांडले जाण्याआधीच गिरणी कामगार तोच सांधा गजागजाने जुळवत होते. तो सोडवणे मात्र सोपे नव्हते, कारण स्टार्चच्या साखळ्या तोडणाऱ्या विकरांचा चिंचोक्याच्या खळीवर काहीच परिणाम होत नसे.