घोळणा आणि डागणी

वैशाखात अजिंठ्याचा घाट चढणाऱ्याला उन्हाची झळ काय असते ते सांगावे लागत नाही. वाघूरचे पात्र आटते, कातळ तापतो, आणि सुट्टीत उनाडणाऱ्या एखाद्या पोराचा घोळणा फुटतो. मग आजी कांदा फोडून नाकाशी धरते, कोणी डोक्यावर पाणी ओततो, कोणी त्याला उताणे निजवतो. दर आठ दिवसांनी असे होऊ लागले, की एक दिवस डॉक्टर म्हणतात, नाकात जाळावे लागेल. आईच्या पोटात गोळा येतो. तिला आठवते ती डागणी, तापल्या सळईने लेकराच्या पोटावर दिलेले चटके! त्या अघोरी प्रकाराशी याचा काही संबंध नाही. पण जाळणे कधी आणि कधी नाही, हा प्रश्न मात्र फार जुना आहे.

अजिंठ्याच्या विहारांत भिक्षू राहत. भिक्षूंचे आचारनियम सांगणाऱ्या पाली विनयपिटकात नाकाच्या औषधाची मोठी बारीक हकीकत आहे. पिलिन्दवच्छ नावाच्या भिक्षूचे डोके तापले. आधी डोक्याला तेल, तेवढ्याने भागेना म्हणून नाकात औषध. ते बाहेर सांडू लागले म्हणून नाकात सोडायची नळी, आणि दोन्ही नाकपुड्यांत सारखे जावे म्हणून जोडनळी. प्रत्येक गोष्टीला बुद्धांची परवानगी, आणि तीही आधीचा सौम्य उपाय अपुरा पडल्यावरच.

सुश्रुतसंहितेतही हाच क्रम दिसतो. वाहते रक्त थांबवण्याचे चार मार्ग तीत सांगितले आहेत: थंडाव्याने रक्त गोठवणे ते स्कंदन, तुरट द्रव्यांनी जखमेचे तोंड मिटवणे ते संधान, राखेने सुकवणे ते पाचन, आणि शिरेचे तोंड आखडावे म्हणून जाळणे ते दहन. पहिल्या तिन्हींनी यश आले नाही, तरच दहन. शिवाय अग्निकर्म कोणावर करू नये, त्या यादीत पित्तप्रकृतीचा माणूस, बालक, वृद्ध आणि भित्रा माणूस आहे. निकड नसेल तर ग्रीष्मात आणि शरदात ते टाळावे, असेही म्हटले आहे. म्हणजे आपल्या वैशाखातल्या पोराला सुश्रुताने सहसा हात लावला नसता!

रक्त नेमके कोठून येते, हे मात्र अलीकडे कळले. 1879 मध्ये न्यूयॉर्कच्या जेम्स लिटल यांनी आणि 1884 मध्ये जर्मनीच्या किसेलबाख यांनी नाकाच्या मधल्या पडद्याची पुढची जागा दाखवून दिली. तेथे बारीक शिरांचे जाळे असते, आणि बोट सहज पोचते. बहुतेक घोळणे तेथलेच. म्हणून पोराला बसवावे, मान किंचित पुढे, नाकाचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरून घड्याळ लावून दहा-पंधरा मिनिटे. मध्ये उघडून पाहू नये. उताणे निजवले तर रक्त घशात उतरते. गुरुजींनी एवढे वर्गात करून दाखवले तरी पुष्कळ झाले.

घोळणा वरचेवर फुटत असेल तर नख कापावे, आणि डॉक्टरांनी दिलेले मलम काही आठवडे आत लावावे. 1991 मध्ये ब्रिटनमधील डॉक्टरांनी मुलांमध्ये तुलना केली, तेव्हा मलम आणि जाळणे यांच्या गुणात लक्षात घेण्याजोगा फरक आढळला नाही. एवढे करूनही एकाच बाजूने रक्त येत राहिले आणि डॉक्टरांना फुगलेली शीर डोळ्यांनी दिसली, तर जाळणे योग्य. जागा बधिर करून सिल्व्हर नायट्रेट लावलेली काडी काही क्षण टेकवतात, इतकेच. म्हाताऱ्यांचा रक्तदाब आधी मोजावा, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सांगावे. वयात येणाऱ्या मुलाचे एक नाक सतत चोंदलेले असून भळभळा रक्त येत असेल, तर आत गाठ नाही ना हे तज्ज्ञाने आधी पाहावे. चिमटीने वीस-तीस मिनिटांत रक्त थांबले नाही तर मात्र थेट इस्पितळ गाठावे.

आणि दोन्ही बाजू एकाच दिवशी जाळून घेऊ नयेत. मधल्या कूर्चेला दोन्हीकडून रक्त मिळते. ते दोन्हीकडून तुटले तर पडद्याला भोक पडू शकते. दुसरी बाजू करायचीच झाली तर चार ते सहा आठवड्यांनी.