विवाहाचा कायदा आणि मित्राचा प्रश्न

विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' 1981 मध्ये रंगभूमीवर आले. अमळनेरला आमच्या वर्गात या नाटकाची चर्चा निघाली, की ती बहुधा मित्राच्या एकाकीपणापाशी येऊन थांबते. मागे एका विद्यार्थिनीने वेगळेच विचारले. मित्रा आणि नमा एकत्र राहिल्या असत्या, तर कायद्याच्या लेखी त्या एकमेकींच्या कोण असत्या? शोकांतिकेची मीमांसा करण्यात गुंतलेल्या आम्हांला हा प्रश्न कधी सुचला नव्हता.

या प्रश्नाचे मूळ शोधू गेल्यास एकोणिसाव्या शतकात जावे लागते. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये पुरोहितावाचून विवाह लावले आणि पुढे त्यांसाठी स्वतःची मंगलाष्टके रचली. तीत वधू वराकडे स्त्रियांचे हक्क मागते आणि वर ते मान्य करतो. लग्न म्हणजे दोन व्यक्तींनी समाजासमक्ष केलेला करार, ही कल्पना मराठीत तेव्हापासून आहे. अर्थात तो करार स्त्री आणि पुरुष यांच्यातलाच होता. जोतीरावांवर आजचे विचार लादण्याचे कारण नाही.

त्याच्या आदल्याच वर्षी, 1872 मध्ये, नागरी विवाहाचा कायदा झाला होता. त्याची अट विलक्षण होती: आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती वगैरे कोणत्याही धर्माचे नाही, असे वधूवरांनी लिहून द्यायचे. जातीबाहेर लग्न करायचे तर आधी धर्म नाकारा! ही अट हिंदू, बौद्ध, शीख व जैन यांच्यापुरती सैल व्हायला 1923 उजाडले. मध्ये 51 वर्षे गेली. किती जोडप्यांचे आयुष्य त्या प्रतीक्षेत सरले असेल, याची नोंद कोण ठेवणार? पुढे 1954 च्या विशेष विवाह कायद्याने धर्माची अट काढली. मात्र तीस दिवसांची जाहीर नोटीस आणि वर 21, वधू 18 ही भाषा राहिली.

समलिंगी प्रेमाची वाट याहून खडतर होती, कारण तिथे प्रश्न विचारणेही गुन्ह्याच्या कक्षेत येई. र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य'वर वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांबद्दल खटला झाला. त्या शंकांत समलिंगी संबंधांचाही विषय होता. 1934 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात कर्व्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. खटला हरला, दंड कायम राहिला. मित्रा रंगमंचावर आली ती त्यानंतर 47 वर्षांनी, आणि तेव्हाही कलम 377 होतेच. सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून वगळले, ते 6 सप्टेंबर 2018 रोजी.

गुन्हा नसणे आणि नाते मान्य असणे यांत मात्र मोठे अंतर आहे. 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात पाचही न्यायमूर्तींनी विवाहाचा मूलभूत हक्क नाकारला आणि 1954 च्या कायद्याचे शब्द नव्याने वाचण्यास नकार दिला. ते काम संसदेचे, असे ठरले. विवाहाऐवजी नागरी सहजीवनाला मान्यता द्यावी, हे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्या. संजय किशन कौल यांचे मत तीन विरुद्ध दोन असे अल्पमतात गेले. संहितेचा अर्थ किती ताणावा, हा आम्हां वाङ्मयाच्या अध्यापकांचा नित्याचा वाद. न्यायालयाचा संकोच आम्हांला समजतो; पटत नाही. कारण 1872 ची अट बदलायला विधिमंडळालाच अर्धशतक लागले होते, आणि ती मागणी करणारे संख्येने यांच्याहून दुबळे नव्हते. पुनर्विलोकनाच्या याचिका जानेवारी 2025 मध्ये फेटाळल्या गेल्या.

दरम्यान 2024 मध्ये केंद्र सरकारने स्पष्ट केले, की अशा जोडीदारांना बँकेत संयुक्त खाते काढता येईल, एकमेकांना नामनिर्देशित करता येईल, आणि शिधापत्रिकेसाठी ते एकाच कुटुंबातले धरले जातील. सोय मोठी आहे. पण नामनिर्देशित व्यक्ती पैसे स्वीकारते, ती वारस ठरत नाही. मृत्युपत्र केलेले नसेल, तर मित्राच्या खात्यावरची रक्कम नमाच्या हाती येईल आणि तिथून कायद्याने मित्राच्या माहेरी जाईल. त्या विद्यार्थिनीला आम्ही पुढच्या तासाला एवढेच सांगू शकलो.